पत्र पावले, पण मजकूर कळला का? : दूरच्या प्रिंटरची गोष्ट

आजच्या धाग्यात किल्ला नाही, लढाई नाही, ताम्रपटही नाही. आज एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहू : आपण एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणच्या संगणकाला ‘छाप’ असे सांगतो, तेव्हा कागद नेमका कुठे पडतो, आणि तो पडला हे आपल्याला कोण कळवतो?

प्रश्न सुचला तो फजितीतून. गेल्या पावसाळ्यात एका दप्तरखान्यातील रुमालांची सूची मी घरून पाहत होते. सूची त्यांच्या विंडोज संगणकावर, युनिकोडपूर्व काळातील एका मराठी फॉन्टमध्ये टंकलेली. तो फॉन्ट माझ्याकडे नसल्याने फाइल उतरवून घेऊन उपयोग नव्हता. माझ्या लिनक्सवर ‘दप्तर’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसे. म्हणून रिमोट डेस्कटॉप. त्यांचा पडदा माझ्या पडद्यावर, त्यांचा संगणक माझ्या बोटांखाली.

चौदा पाने छापायची होती. मी छपाईची आज्ञा दिली. पडद्यावर काम पूर्ण झाल्याचे दिसले. माझ्या टेबलावरचा प्रिंटर मात्र ढिम्म. पुन्हा आज्ञा दिली. असे चार वेळा केले आणि कंटाळून झोपले. दुसऱ्या दिवशी फोन आला : “अहो मॅडम, ही छप्पन्न पानं तुमचीच ना? सकाळपासून आमच्या ट्रेमध्ये पडली आहेत. पानांच्या कडेला काहीतरी शेरे पण आहेत.”

ते शेरे मी सूचीच्या आधीच्या संपादकांच्या वाचनाबद्दल, जरा मोकळ्या भाषेत लिहिले होते. ते कोणाच्या दृष्टीस पडावेत अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. असो.

या प्रसंगात यंत्र खोटे बोलले का? तसे म्हणता येणार नाही. आपल्याकडील अठराव्या शतकातील पत्रव्यवहार वाचणाऱ्यांना एक भेद परिचित असेल. जासुदांची जोडी पत्र घेऊन धावे, आणि उत्तराच्या आरंभी पत्र पावल्याचे व मजकूर ध्यानात आल्याचे आवर्जून लिहिले जाई. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. थैली हाती पडणे ही एक, आणि आतला मजकूर कळून त्याप्रमाणे काम होणे ही दुसरी. माझ्या पडद्याने पहिलीची पोच दिली होती. मी ती दुसरीची समजले. दूरच्या छपाईचा सारा इतिहास हा या दोन पोचांमधील अंतराचा इतिहास आहे, असे मला आता वाटते.

प्रारंभ अमेरिकेत. झेरॉक्स कंपनीतील अभियंता गॅरी स्टार्कवेदर यांना १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लेझर किरणाने कागदावर अक्षरे उमटवण्याची कल्पना सुचली. वरिष्ठांना ती रुचली नाही. १९७१ मध्ये ते कंपनीच्याच कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात गेले आणि तेथे झेरॉक्सच्या एका कॉपी यंत्रावर लेझर बसवून त्यांनी पहिला चालता लेझर प्रिंटर सिद्ध केला. यंत्र वेगवान होते, आणि अतिशय महाग. प्रत्येकाच्या टेबलावर ते ठेवणे अशक्य. म्हणजे ते सर्वांनी मिळून वापरायचे. मग सर्वांचे संगणक त्याला जोडायचे कसे?

याच केंद्रात २२ मे १९७३ रोजी रॉबर्ट मेटकाफ यांनी ‘ईथरनेट’ या जाळ्याचे टिपण लिहिले. त्या जाळ्यामागील एक प्रत्यक्ष गरज ही होती की केंद्रातील ‘आल्टो’ संगणकांना तो सामायिक प्रिंटर वापरता यावा. तेथील आरंभीच्या छपाई-व्यवस्थेचे ‘इअर्स’ हे नावच ईथरनेट, आल्टो, अक्षरे घडवणारे यंत्र आणि लेझर यंत्र यांच्या आद्याक्षरांचे बनले होते. आज आपण ज्याला ऑफिसचे नेटवर्क म्हणतो, त्याच्या जन्माशी प्रिंटर असा गुंफलेला आहे. जाळे आले आणि मग त्याला प्रिंटर जोडला, अशी आपली समजूत असते. येथे दोन्ही एकमेकांसाठी वाढले.

आता त्या प्रसंगाकडे येऊ, जो संगणकाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा सांगितला गेला असेल.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी. तेथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात झेरॉक्सचा एक जुना प्रिंटर होता. तो वारंवार अडे, कागद अडकवून बसे. यंत्र एका खोलीत आणि माणसे इतरत्र. कोणी पन्नास पानांचे काम पाठवून अर्ध्या तासाने जाई, तर पहिल्याच पानाला कागद अडकलेला. रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरने यावर जो उपाय केला तो पाहण्याजोगा आहे. कागद अडकणे त्याला थांबवता येत नव्हते. तो यांत्रिक दोष होता. म्हणून त्याने पोचेची व्यवस्था केली. काम छापून झाले की ज्याचे त्याला संदेश जाई. आणि यंत्र अडले की ज्यांची कामे रांगेत आहेत त्या सर्वांच्या पडद्यावर सूचना झळके. मग त्यांच्यातला कोणीतरी उठून कागद काढी. यंत्र तसेच सदोष राहिले, पण माणसांना कळू लागल्यामुळे ते चालू लागले.

हे करता आले, कारण प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, प्रयोगशाळेकडे होता.

१९८०च्या सुमारास झेरॉक्सने प्रयोगशाळेला नवा लेझर प्रिंटर भेट दिला. वेग कितीतरी अधिक, अक्षरे सुबक. पण कागद तोही अडकवी. स्टॉलमन जुनीच युक्ती करायला बसला, तेव्हा लक्षात आले की या यंत्रासोबत सोर्स कोड आलेलाच नाही. केवळ यंत्राला कळणारे अंक आले आहेत. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात ज्याच्याकडे तो कोड होता, अशा संशोधकाची त्याने गाठ घेतली आणि प्रत मागितली. नकार मिळाला. त्या संशोधकाने कोड कोणाला न देण्याचा करार केला होता.

१९८३च्या सप्टेंबरात स्टॉलमनने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली : मुक्त, कोणालाही वाचता-बदलता येणारी संपूर्ण संगणकप्रणाली. त्याच प्रकल्पाची साधने आणि १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्सने लिहिलेले कर्नल यांच्या मिलाफातून आपला लिनक्स उभा राहिला.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थबकावे. ‘एका अडकलेल्या कागदातून मुक्त सॉफ्टवेअर जन्मले’ हे वाक्य फार गोड आहे, आणि गोड वाक्यांबद्दल आपण साशंक असावे. त्याच वर्षांत त्या प्रयोगशाळेतील प्रोग्रामरांचा समुदायही फुटत होता. लिस्प यंत्रे विकणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांकडे, विशेषतः त्यांतील एकीकडे, बहुतेक मंडळी निघून गेली. स्टॉलमनच्या निर्णयामागे तो घाव किमान तितकाच खोल होता. प्रिंटरची गोष्ट हे कारणांपैकी एक कारण. पण ती टिकली, कारण तिच्यात अन्याय डोळ्यांना दिसतो. यंत्र आपल्यासमोर आहे, बिघाड आपल्याला कळतो, दुरुस्ती आपल्याला येते, आणि तरीही हात बांधलेले. मला त्या गोष्टीत आणखी एक बारकावा महत्त्वाचा वाटतो : स्टॉलमनला यंत्र फुकट हवे नव्हते, वेगवानही नको होते. त्याला पोच हवी होती.

याच सुमारास बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युनिक्सची एक शाखा वाढत होती. १९८३च्या तिच्या आवृत्तीत ‘एलपीडी’ ही छपाईची व्यवस्था आली. ‘एलपी’ म्हणजे लाइन प्रिंटर. ‘डी’ म्हणजे पार्श्वभूमीवर अखंड जागा राहणारा सेवक. वापरणाऱ्याने ‘एलपीआर’ ही आज्ञा द्यायची, सेवकाने काम रांगेत लावायचे. यंत्र दुसऱ्या संगणकाला जोडलेले असेल, तर ‘प्रिंटकॅप’ नावाच्या फाइलमध्ये त्या संगणकाचे व तेथील रांगेचे नाव लिहायचे. बाकी सेवक आपापसांत पाहून घेत. दूरच्या छपाईची ही पहिली सर्वदूर पसरलेली रीत.

तिचे नियम लिखित स्वरूपात आले ते मात्र ऑगस्ट १९९० मध्ये, आरएफसी ११७९ या दस्तऐवजात. तो अगदी लहान आहे, आणि दप्तरखान्यात काम करणाऱ्याला फार बोलका वाटेल. सेवकांमधील प्रत्येक आज्ञा एका बाइटाने सुरू होते : एक म्हणजे रांग चालू कर, दोन म्हणजे काम घे, तीन व चार म्हणजे रांगेची स्थिती सांग, पाच म्हणजे काम काढून टाक. काम पोचले की घेणाऱ्याने एक शून्य बाइट परत पाठवायचा. हा शून्य म्हणजे पोच. कशाची? फाइल हाती पडल्याची. ती छापली गेली, कागदाअभावी थांबली, की शाई संपून कोरी पाने निघाली, याविषयी तो शून्य मौन पाळतो.

रांगेची स्थिती विचारली तर उत्तर येई, पण ते माणसाने वाचण्याच्या साध्या मजकुरात. त्याचा निश्चित साचा नियमात नव्हता. प्रत्येक यंत्र आपल्या मर्जीप्रमाणे लिही. म्हणजे दुसऱ्या संगणकाला ते उत्तर भरवशाने समजून घेता येत नसे. कामासोबत जाणाऱ्या नियंत्रण-फाइलीत एक सोय मात्र होती : ‘एम’ या अक्षराने सुरू होणारी ओळ घातली, तर छपाई झाल्यावर मेल पाठवावा असा तिचा अर्थ. पण ‘छपाई झाली’ हे ठरवणार सेवक, आणि सेवकाच्या दृष्टीने मजकूर तारेत सोडला म्हणजे त्याचे कर्तव्य संपले.

आणि विश्वास? तोही त्या काळाचाच. पाठवणाऱ्याचा पोर्ट ७२१ ते ७३१ या दरम्यानचा असावा, असा नियम होता. युनिक्समध्ये १०२४च्या खालचे पोर्ट केवळ व्यवस्थापकाला उघडता येत. म्हणजे त्या पोर्टावरून आलेला निरोप जबाबदार माणसाचाच, असे गृहीतक. विद्यापीठात दहा-वीस मोठे संगणक आणि प्रत्येकाचा व्यवस्थापक परिचयाचा असताना ते चालून जाई. घरोघरी संगणक आल्यावर प्रत्येक जण आपल्या यंत्राचा व्यवस्थापक झाला, आणि ती मोहर कोणीही उठवू शकेल अशी झाली.

जाता जाता एक गंमत. लिनक्सच्या कर्नलमध्ये जुन्या समांतर पोर्टाच्या प्रिंटरसाठी एक संदेश आहे, त्याचा अर्थ : ‘प्रिंटर क्रमांक शून्य पेटला आहे’. हा थट्टेचा विषय झाला आहे. पण मुळात ती पोचेची दरिद्री अवस्था आहे. त्या तारेत यंत्राची स्थिती कळवणाऱ्या रेषा मोजक्याच. कागद संपलेला नाही, यंत्र बंदही नाही, तरी चुकीची खूण उमटते आहे, एवढेच संगणकाला कळे. मग लिहिणाऱ्याने लिहून टाकले, पेटला असेल!

एलपीडीने काम पोचवले. पण कामात लिहिलेले काय असावे? प्रत्येक यंत्राची भाषा निराळी. येथे दुसरा मोठा टप्पा येतो. झेरॉक्सचे तेच पालो आल्टो केंद्र सोडून जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांनी १९८२च्या अखेरीस अॅडोबी कंपनी काढली आणि ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणली. १९८५ मध्ये अॅपलच्या लेझररायटर प्रिंटरमधून ती लोकांपर्यंत पोचली. पण पोस्टस्क्रिप्ट समजणारे प्रिंटर महाग होते. १९८८ मध्ये पीटर डॉइच यांनी ग्नू प्रकल्पासाठी ‘घोस्टस्क्रिप्ट’ लिहिले. ते संगणकातच पोस्टस्क्रिप्ट वाचून स्वस्त यंत्राला समजेल अशा ठिपक्यांत उतरवी. लिनक्सच्या जगात ही जोडगोळी रूढ झाली : कार्यक्रमांनी पोस्टस्क्रिप्ट लिहायचे, घोस्टस्क्रिप्टने उलगडायचे, एलपीडीने वाहायचे.

मराठी वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोस्टस्क्रिप्टमध्ये अक्षरांचे आकार पानाबरोबरच पाठवता येतात. दूरच्या संगणकावर जोडाक्षरे, वेलांट्या जुळवून झालेले पान चित्रासारखे येते. घेणाऱ्याकडे तो फॉन्ट असण्याची आवश्यकता नसते. माझी ती सूची घरी फाइल म्हणून निरुपयोगी, पण छापील पान म्हणून शुद्ध मराठी, हे त्यामुळेच शक्य होते.

आता पडद्याचा प्रश्न. एमआयटीतच १९८४ मध्ये ‘एक्स’ ही खिडक्यांची प्रणाली जन्मली. कार्यक्रम एका संगणकावर चाले, खिडकी दुसऱ्याच्या पडद्यावर उमटे. रिमोट डेस्कटॉपची ही पूर्वज म्हणावी लागेल. पण एक्सने पडदा, कळफलक आणि माउस एवढेच वाहिले. छपाईची आज्ञा दिली की ती कार्यक्रम जेथे चालतो तेथील रांगेत जाई. पुढे एक्सला छपाईचे जोडपत्र लावण्याचा प्रयत्न झाला. तो फारसा रुजला नाही आणि नंतर काढून टाकण्यात आला. माझ्या फजितीचे मूळ येथे आहे : डोळे आणि हात दूर गेले, पण कागद जेथल्या तेथे राहिला.

विंडोजच्या बाजूने ही उणीव भरली गेली. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. तिच्यासोबत आरडीपी हा नियमसंच आला. विंडोज २०००सोबत त्याची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यात वापरणाऱ्याच्या टेबलावरील प्रिंटर दूरच्या संगणकाला दिसू लागला. पडद्याच्या वाहिनीशेजारी एक उपवाहिनी उघडायची, आणि छापायचा मजकूर तिच्यातून उलट दिशेने आणायचा, अशी ती रचना.

लिनक्सवाल्यांना या वाहिनीचे नियम कोणी दिले नव्हते. मॅथ्यू चॅपमन यांनी ‘आरडेस्कटॉप’ हा कार्यक्रम लिहिला तो संभाषण ऐकून, अंदाज बांधून, तपासून. शिलालेखाची अपरिचित लिपी लावावी तसा. पुढे इतरांच्या हातभाराने त्यात प्रिंटरही आला. तो कसा आला हे पाहिले, तेव्हा मला एखाद्या टेकाडाचा उभा छेद पाहिल्यासारखे वाटले.

जोडणी होताना आपला संगणक दूरच्या विंडोजला सांगतो : माझ्याकडे या नावाचा प्रिंटर आहे आणि त्याचा ड्रायव्हर अमुक. विंडोज आपल्या संग्रहात नेमके त्याच नावाचे ड्रायव्हर शोधतो. नाव अक्षरशः जुळले पाहिजे. न जुळल्यास तो प्रिंटर उभाच राहत नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत ११११ क्रमांकाची एक नोंद पडते. ती वाचणार कोण? तेथील व्यवस्थापक, वाचलीच तर. घरी बसलेल्याला काहीच कळत नाही.

लिनक्सच्या प्रिंटरचे ड्रायव्हर विंडोजकडे असणार कुठून? मग आरडेस्कटॉपने सोंग घेतले. तुम्ही नाव दिले नाही, तर तो बेलाशक सांगे की माझ्याकडे एचपीचा रंगीत लेझरजेट ८५०० पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर आहे. प्रत्यक्षात टेबलावर काहीही असो. हेतू एवढाच, की विंडोजने पोस्टस्क्रिप्ट लिहून द्यावे. आलेला मजकूर आरडेस्कटॉप थेट ‘एलपीआर’ या आज्ञेच्या हवाली करी. होय, बर्कलीच्या काळातली तीच आज्ञा! तेथून पुढे घोस्टस्क्रिप्ट ते उलगडून खऱ्या यंत्राच्या भाषेत उतरवी. पालो आल्टो, बर्कली, ग्नू आणि रेडमंड, चारही थर एका पानाच्या प्रवासात.

२००८ मध्ये, युरोपीय संघाशी झालेल्या प्रदीर्घ खटल्यानंतरच्या काळात, मायक्रोसॉफ्टने आपल्या नियमसंचांची हजारो पाने प्रसिद्ध केली. २००९ मध्ये आरडेस्कटॉपमधून ‘फ्रीआरडीपी’ ही शाखा निघाली. आज लिनक्सवरील बहुतेक रिमोट डेस्कटॉप कार्यक्रम तिच्याच आधाराने चालतात. सोंग मात्र सुटले नाही. फ्रीआरडीपी दीर्घकाळ स्वतःला ‘एमएस पब्लिशर इमेजसेटर’ म्हणवून घेत आला आहे. ते नाव विंडोजसोबतच येई म्हणून.

नियमांची ती पाने वाचल्यावर मला हवे ते उत्तर सापडले. त्या उपवाहिनीत छपाईचे काम म्हणजे एखादी फाइल लिहिल्यासारखे असते : उघडा, लिहा, मिटा. प्रत्येक वेळी उत्तर जाते ते ‘बाइट मिळाले’ एवढेच. कागद अडकला, शाई संपली, हे सांगायला त्यात जागाच नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस रचलेली ही वाहिनी पोचेच्या बाबतीत आरएफसी ११७९च्या त्या शून्य बाइटापाशीच उभी आहे.

मजकूर कळल्याची पोच आणण्याचे काम दुसऱ्या मंडळींनी केले. प्रिंटर बनवणाऱ्या आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्यांनी मिळून इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, तयार केला. त्याचे पहिले दस्तऐवज एप्रिल १९९९मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा पोर्ट ६३१. येथे प्रत्येक कामाला क्रमांक आहे आणि प्रत्येक अवस्थेला ठरलेला अंक : ३ म्हणजे प्रतीक्षेत, ५ म्हणजे छपाई चालू, ६ म्हणजे थांबले, ७ म्हणजे रद्द, ९ म्हणजे पूर्ण. यंत्र का थांबले याचीही ठरलेली नावे आहेत : कागद अडकला, कागद हवा, झाकण उघडे, टोनर संपत आला. साचा ठरलेला असल्याने हे उत्तर माणसाआधी संगणकाला समजते. स्टॉलमनने एका खोलीपुरते जे केले होते, ते वीस वर्षांनी नियम म्हणून लिहिले गेले.

अमेरिकेतील मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये युनिक्ससाठी नवी छपाई-प्रणाली लिहायला घेतली. तिचा पाया आरंभी एलपीडीवर घालायचा विचार होता. त्या नियमांच्या मर्यादा पाहून त्यांनी आयपीपी निवडला. तीच ‘कप्स’. २००२ मध्ये अॅपलने ती मॅकसाठी स्वीकारली, २००७ मध्ये स्वीट यांनाच नोकरीवर घेऊन कोडही विकत घेतला. २०१९च्या अखेरीस ते तेथून बाहेर पडले आणि काम ओपनप्रिंटिंग या गटाकडे चालू राहिले. लिनक्सवर ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ आणि पुढे ६३१ टाकून पाहा : तुमच्या संगणकातील ही छोटी कचेरी उघडते.

दूरचा संगणकही लिनक्स असेल, तर आणखी एक देखणी युक्ती आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीतील तातू यलोनेन यांनी एसएसएच हा सुरक्षित जोडणीचा मार्ग लिहिला. त्यात उलटा बोगदा खणता येतो : दूरच्या संगणकावरचा एक पोर्ट तुमच्या घरच्या ६३१ला जोडायचा. मग तेथील कप्सला तुमचा प्रिंटर शेजारी असल्यासारखा वाटतो. आणि बोगद्यातून आयपीपी जात असल्याने पोचही परत येते, दोन्ही प्रकारची. ही रीत आरडीपीच्या उपवाहिनीपेक्षा मला कितीतरी अधिक प्रामाणिक वाटते.

पण ऐकणाऱ्या कानांनाही जपावे लागते. लिनक्सवर जवळपासचे प्रिंटर आपोआप शोधणारा एक सेवक आहे, ‘कप्स-ब्राउझ्ड’. सप्टेंबर २०२४मध्ये इटलीतील सुरक्षा-संशोधक सिमोने मार्गारितेल्ली यांनी दाखवून दिले की तो ६३१ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टावर कोणाचाही निरोप ऐकतो. ‘मी प्रिंटर आहे’ असे कोणत्याही अनोळखी यंत्राने म्हटले, की हा त्याच्याकडे जाऊन त्याचे वर्णन आणी. त्या वर्णनात एखादी आज्ञा दडवून ठेवली, तर वापरणाऱ्याने त्या खोट्या प्रिंटरवर काही छापताच ती आज्ञा त्याच्या संगणकावर चाले. दुरुस्त्या आल्या आहेत. ज्यांना स्वयंशोधाची गरज नाही त्यांनी तो सेवक बंदच ठेवावा. ७२१ ते ७३१ या पोर्टांवर ठेवलेला भाबडा विश्वास चार दशकांनी वेगळ्या वेषात परत आलेला पाहून मला तरी आश्चर्य वाटले नाही.

माझ्या फजितीचे कारण शेवटी साधेच निघाले. मी वापरत असलेल्या रेमिना या कार्यक्रमात प्रिंटर सामायिक करण्याची एक चौकट असते. तिच्यावर मी खूणच केली नव्हती. त्यामुळे दूरच्या विंडोजला माझा प्रिंटर ठाऊकच नव्हता. त्याने आपल्या कचेरीतील नेहमीच्या यंत्राकडे पान पाठवले. तुम्हाला असे काही करायचे असेल, तर क्रम असा ठेवा. आधी घरच्या लिनक्सवर कप्समध्ये प्रिंटर जोडून एक चाचणी-पान छापा. ते निघाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग रिमोट डेस्कटॉप बंद करून, ती खूण करून, नव्याने जोडा. प्रिंटरची ओळख जोडणीच्या वेळीच करून दिली जाते. शेवटी विंडोजच्या छपाईच्या खिडकीत यंत्राचे नाव डोळ्यांनी वाचा, कारण तेथे कचेरीतील प्रिंटरही रांगेत उभे असतात.

मी हे सारे केले आणि चौदा पाने पुन्हा पाठवली, यावेळी शेरे काढून. विंडोजने लगोलग काम संपल्याचे सांगितले. माझा प्रिंटर खडखडला, सहा पाने सुरेख निघाली, आणि तो थांबला. शेजारच्या खिडकीत कप्सचे पान उघडे होते. त्यावर कामाची अवस्था अजून ५ होती, आणि खाली कारण लिहून आले होते : कागद अडकला आहे. मी उठले आणि मागचे झाकण उघडले.